संहिता, स्वरलिपी आणि कंठ : सोप्रानो जेन मॅनिंग यांच्या कारकिर्दीचा एक अन्वय

कविता गायली जाते तेव्हा तिचे नेमके काय होते, या प्रश्नाचा विचार तौलनिक साहित्याच्या अभ्यासात बहुधा दोन टप्प्यांवर येऊन थांबतो. मूळ कवी आणि त्याचा अनुवादक हा पहिला टप्पा. अनुवादित संहिता आणि संगीतरचनाकार हा दुसरा. त्यापुढचा, म्हणजे स्वरलिपी आणि कंठ यांच्यामधला टप्पा संगीतसमीक्षेच्या खात्यावर टाकला जातो. एकोणिसाव्या शतकातील जर्मन गीतांच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाते, कारण तेथे गायनाची रीत सर्वमान्य होती. विसाव्या शतकातील युरोपीय कंठसंगीताच्या बाबतीत मात्र ते चालत नाही. तेथे स्वरलिपीच अनेकदा अपुरी, क्वचित परस्परविरोधी असते आणि तिचा अर्थ लावण्याचे काम गायिकेवर येते. या अर्थाने गायिका ही संहितेची आणखी एक अनुवादक ठरते. ब्रिटिश सोप्रानो जेन मॅनिंग (१९३८–२०२१) यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. त्यांनी तीनशेहून अधिक नव्या रचनांचे प्रथम प्रयोग केले, ही त्यांची एक ओळख. या रचना दुसऱ्या गायिकेपर्यंत कशा पोहोचाव्यात याचा त्यांनी आयुष्यभर विचार केला आणि तो ग्रंथरूपाने मांडला, ही दुसरी. साहित्याच्या अभ्यासकाला ही दुसरी ओळख अधिक महत्त्वाची वाटावी.

मॅनिंग यांचा जन्म इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरिच शहरात २० सप्टेंबर १९३८ रोजी झाला. शिक्षण लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये आणि पुढे काही काळ स्वित्झर्लंडमध्ये झाले. १९६४ मध्ये लंडनला पार्क लेन ग्रुपच्या मंचावर त्यांचा पहिला महत्त्वाचा कार्यक्रम झाला. वेबर्न, मेसियाँ आणि दालापिकोला यांच्या रचना त्यांनी निवडल्या होत्या. पदार्पणातच असा बेत आखणे हे त्या वेळी धाडसाचेच होते. मात्र काळ अनुकूल होता, हेही नोंदवले पाहिजे. विल्यम ग्लॉक हे १९५९ पासून बीबीसीच्या संगीत विभागाचे प्रमुख होते आणि त्यांनी नव्या युरोपीय संगीतासाठी नभोवाणीची दारे उघडली होती. रचनाकारांची एक तरुण पिढी लंडनमध्ये लिहिती झाली होती आणि तिला गरज होती ती कठीण स्वरलिपी वाचू शकणाऱ्या, वाचून न डगमगणाऱ्या कंठांची. १९६६ मध्ये मॅनिंग यांचा विवाह रचनाकार अँथनी पेन यांच्याशी झाला. एल्गारच्या अपुऱ्या राहिलेल्या तिसऱ्या सिंफनीचे टिपणांवरून विस्तारलेले रूप पेन यांनी सिद्ध केले आणि १९९८ मध्ये ते प्रथम वाजवले गेले. अपुऱ्या लेखनातून पूर्ण नाद उभा करण्याचे काम या घरात दोन्ही बाजूंनी चालले होते, असे म्हटले तर ते फार ओढूनताणून म्हटल्यासारखे होणार नाही.

मॅनिंग यांचे नाव ज्या एका कृतीशी कायमचे जोडले गेले ती म्हणजे आर्नोल्ट श्योनबेर्ग यांची ‘पिएरो ल्युनेर’ (१९१२). १९६५ पासून त्यांनी ती शंभराच्या आसपास वेळा सादर केली. नॅश आँसाँब्ल आणि सायमन रॅटल यांच्यासह १९७७ मध्ये तिचे ध्वनिमुद्रणही केले. तौलनिक अभ्यासासाठी या कृतीइतके सोयीचे उदाहरण विरळा. आल्बेर जिरो या बेल्जियन कवीने १८८४ मध्ये फ्रेंच भाषेत पन्नास रोंदेलांचा संग्रह प्रसिद्ध केला. रोंदेल हा तेरा ओळींचा बंदिस्त आकृतिबंध आहे. पहिल्या दोन ओळी सातव्या-आठव्या जागी परत येतात आणि पहिली ओळ तेराव्या जागी येऊन कविता मिटते. ओटो एरिश हार्टलेबेन यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी या कवितांचा जर्मन अनुवाद केला. त्यांनी ओळींची पुनरावृत्ती राखली, यमके मात्र सोडली आणि छंदाची समताही मोडली. परिणाम असा झाला की जिरोच्या नीटस, काहीशा नखरेल कवितेच्या जागी एक अस्वस्थ, तुटक बोलणारी कविता उभी राहिली. श्योनबेर्ग यांनी पन्नासांपैकी एकवीस निवडल्या, सात-सातांचे तीन भाग केले आणि कृतीलाही एकविसावाच क्रमांक दिला. मूळ फ्रेंच कविता आज मुख्यतः जर्मन अनुवादाच्या सांगीतिक रूपामुळे स्मरणात आहे. अनुवादाने मूळ कृतीला तारल्याचे असे उदाहरण दुर्मीळच.

ही कृती आल्बेर्टीने त्सेमे या अभिनेत्रीच्या मागणीवरून लिहिली गेली. त्सेमे यांनी याच कविता आधी दुसऱ्या एका रचनाकाराच्या संगीताबरोबर सादर केल्या होत्या आणि त्यांना हवे होते ते पठण, गायन नव्हे. १६ ऑक्टोबर १९१२ रोजी बर्लिनमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा त्सेमे वेषभूषा करून मंचावर एकट्या उभ्या होत्या आणि पाचही वादक, संचालन करणाऱ्या श्योनबेर्ग यांच्यासह, पडद्याआड होते. म्हणजे या कृतीचा उगम रंगभूमीच्या परंपरेत आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. तिच्यातील कंठाच्या विशिष्ट वापराला ‘श्प्रेखश्टिम’, म्हणजे बोलता कंठ, असे नाव आहे. प्रस्तावनेत श्योनबेर्ग यांनी सूचना केली आहे ती अशी की लय काटेकोरपणे पाळावी. लिहिलेल्या स्वरस्थानाला मात्र केवळ स्पर्श करावा आणि लगेच वर किंवा खाली सरकत ते सोडून द्यावे. परिणाम गाण्यासारखा होऊ नये आणि नेहमीच्या बोलण्यासारखाही होऊ नये. ‘नाही’ आणि ‘नाही’ यांमधली जागा कोणती, हे प्रस्तावना सांगत नाही. शिवाय संपूर्ण भाग पाच रेषांवर अचूक स्वरस्थानांनिशी लिहिलेला आहे. जो स्वर सोडूनच द्यायचा, तो इतक्या नेमकेपणाने का लिहावा, हा प्रश्न पिएर बुलेझ यांच्यासह अनेकांनी उपस्थित केला. १९४० मध्ये श्योनबेर्ग यांनी स्वतःच्या संचालनाखाली एरिका श्टीड्री-वाग्नर यांच्याकडून ध्वनिमुद्रण करून घेतले. त्यातही लिहिलेले स्वर अनेक ठिकाणी पाळलेले नाहीत. रचनाकाराची साक्षही अशी अनिर्णायक आहे.

या ठिकाणी मॅनिंग यांची भूमिका स्पष्ट होती. स्वरलिपी आधी जशीच्या तशी, गाऊन, पक्की करावी. सोडून देण्याचा अधिकार त्यानंतर येतो. ज्याने स्वरस्थान गाठलेलेच नाही त्याला ते सोडता येत नाही. म्हणून अभिनेत्रीच्या परंपरेतून आलेली ही कृती त्यांनी शिक्षित सोप्रानोच्या शिस्तीने हाताळली. यावर आक्षेप घेता येतो, आणि तो घेतला पाहिजे. त्सेमे यांच्यासाठी लिहिलेल्या कृतीत गायनाकडे झुकणे हे मूळ प्रयोजनापासून दूर जाणे नव्हे काय? पण स्वरलिपीतच याचे एक उत्तर आहे. मोजक्या ठिकाणी श्योनबेर्ग यांनी ‘गाऊन’ अशी स्पष्ट सूचना लिहिली आहे; आठव्या, रात्रीच्या चित्रात तर कंठ अगदी खालच्या स्वरांवर गाऊन उतरतो आणि ते तीन स्वर म्हणजे संपूर्ण चित्राचा मूळ विणकाम-धागा असतात. हा क्षण वेगळा ऐकू यायचा असेल तर इतरत्र कंठाने न गाणे आवश्यक आहे, आणि या क्षणी गाता येणेही आवश्यक आहे. केवळ अभिनेत्री किंवा केवळ गायिका येथे पुरत नाही. या सर्व अनुभवाचा आणि स्वरलिपीच्या चित्रागणिक केलेल्या छाननीचा परिपाक म्हणजे त्यांचे ‘व्हॉइसिंग पिएरो’ (२०१२) हे पुस्तक. त्यात समीक्षेची परिभाषा कमी आणि श्वास कोठे घ्यावा, कोणते व्यंजन किती लवकर सोडावे, अशा गोष्टी अधिक आहेत. हार्टलेबेनच्या जर्मन ओळींचे इतके बारकाईने केलेले ध्वनिवाचन साहित्यसमीक्षेतही सहसा आढळणार नाही.

मराठी वाचकाला येथे कीर्तनातील गद्य आणि पद्य यांच्या सीमेवरचे निरूपण किंवा पोवाड्यातील कथनाचा चढा सूर आठवेल. साम्य आहे, पण ते बेताने घ्यावे. कीर्तनकार बोलण्याकडून गाण्याकडे जातो तेव्हा दोन्ही बाजूंच्या परंपरा त्याला आधार देतात. ‘पिएरो’मध्ये गायिकेपुढे अशी पूर्वपरंपरा नाही, आहे ती केवळ लेखी सूचना.

उच्चारांचा प्रश्न सोप्रानोच्या बाबतीत अधिक बिकट असतो आणि त्याचे कारण शारीरिक आहे. मराठीत आणि संस्कृतात ‘स्वर’ हा एकच शब्द भाषेतील अ-आ-इ-ईसाठी आणि सा-रे-ग-मसाठी वापरला जातो. प्रत्यक्ष कंठात मात्र या दोन स्वरांचे भांडण असते. ‘ई’ ओळखू येतो तो मुखविवराच्या सुमारे ३०० हर्ट्झच्या पहिल्या अनुनादामुळे. ‘आ’चा हा अनुनाद साधारण ७०० ते १००० हर्ट्झच्या टापूत असतो. सोप्रानोचा वरचा षड्ज, पाश्चात्त्य भाषेत ‘हाय सी’, सुमारे १०४७ हर्ट्झचा असतो. गायलेला मूळ स्वरच अनुनादाच्या वर गेला की ‘ई’ला ‘ई’ करणारा घटक ध्वनीत उरतच नाही. गायिका जबडा उघडून आवाज वाचवते, पण शब्द हरवतो. आधुनिक रचनाकारांनी सोप्रानोला वरच्या टापूत दीर्घकाळ ठेवले आणि त्याच वेळी कवितेची निवड अधिक साक्षेपाने केली, हा विसाव्या शतकातील कंठसंगीतामधला एक जुना अंतर्विरोध आहे. मॅनिंग यांच्या अध्यापनात आणि लेखनात या मुद्द्याला सतत स्थान आहे. एखादे गीत सुचवताना ते कोणत्या टापूत रेंगाळते आणि तेथे कोणते शब्द आले आहेत, याकडे त्या लक्ष वेधतात. शब्द कळत नाहीत या तक्रारीचा सारा दोष गायिकेच्या माथी मारणाऱ्या समीक्षेला ही एक समर्पक सूचना आहे.

मेसियाँ यांच्या गीतमाला मॅनिंग यांनी पियानोवादक डेव्हिड मेसन यांच्यासह ध्वनिमुद्रित केल्या, त्यांत ‘हारावी’ (१९४५) ही बारा गीतांची मालाही आहे. तिची संहिता मेसियाँ यांची स्वतःची असून तीत पेरूमधील केचुआ भाषेतले शब्द येतात, अनेकदा अर्थापेक्षा नादासाठी. ओघात एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. मेसियाँ यांच्या लयविचारामागे शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तील १२० देशी तालांची यादी आहे, ती त्यांना एका फ्रेंच संगीतकोशातून मिळाली होती. देवगिरीच्या यादव राजसभेत तेराव्या शतकात सिद्ध झालेला ग्रंथ विसाव्या शतकातील पॅरिसच्या संगीतात असा अप्रत्यक्षपणे पोहोचला. प्रभावाभ्यासाच्या चौकटीत हे उदाहरण जितके मोहक तितकेच निसरडे आहे. कोशातून उचललेली यादी म्हणजे परंपरेशी संवाद नव्हे.

मॅनिंग यांच्यासाठी लिहिल्या गेलेल्या कृतींत हॅरिसन बर्टविसल यांची ‘नेनिया : द डेथ ऑफ ऑर्फिअस’ (१९७०) महत्त्वाची आहे. पीटर झिनोव्हिएफ यांच्या संहितेत निवेदक, ऑर्फिअस आणि युरिडिसी या तिन्ही भूमिका एकाच सोप्रानोकडे आहेत. याच जोडीने पुढे ‘द मास्क ऑफ ऑर्फिअस’ हा प्रचंड ऑपेरा रचला, जो १९८६ मध्ये लंडनमध्ये सादर झाला. १९८० मध्ये ब्रसेल्सला ऑलिव्हर नसेन यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या बाल-ऑपेराच्या पहिल्या रूपात मॅक्स या खोडकर मुलाची भूमिका मॅनिंग यांनी केली. पण ज्या कृतीत त्यांच्या कंठाचे आणि विनोदबुद्धीचे रूप सर्वाधिक उमटले आहे ती म्हणजे जुडिथ वीअर यांची ‘किंग हॅरल्ड्ज सागा’ (१९७९).

वीअर या पुढे २०१४ ते २०२४ या काळात ब्रिटिश राजघराण्याच्या संगीतप्रमुख होत्या, आणि हे पद मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. १९७९ मध्ये त्या पंचविशीच्या आसपास होत्या. ‘सागा’चे उपशीर्षक आहे तीन अंकी ग्रँड ऑपेरा. कालावधी सुमारे दहा मिनिटे, वाद्य एकही नाही, मंचावर एकटी सोप्रानो. ती आठ पात्रे गाते आणि शिवाय संपूर्ण नॉर्वेजियन सैन्यही. कथानक तेराव्या शतकातील आइसलँडिक इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसॉन यांच्या ‘हेइम्सक्रिंग्ला’तून घेतलेले आहे : नॉर्वेचा राजा हॅरल्ड इंग्लंड जिंकायला निघतो आणि २५ सप्टेंबर १०६६ रोजी स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईत मारला जातो. इंग्लंडचा इतिहास ज्या लढाईने बदलला ती हेस्टिंग्जची लढाई त्यानंतर एकोणीस दिवसांनी झाली. म्हणजे हॅरल्डचे मरण इतिहासाच्या मुख्य प्रवाहाच्या किंचित अलीकडे, जवळजवळ निरर्थक ठरावे अशा जागी घडले. वीअर यांनी नेमकी हीच विसंगती पकडली आहे. प्रत्येक अंकाआधी गायिका साध्या बोलीत निवेदन करते, मग राजा, फितूर टोस्टिग, स्वप्नात येणारा मृत संत ओलाव्ह, निरोप्या, सैनिक अशी पात्रे क्षणोक्षणी बदलत गाते. राजाच्या दोन्ही पत्नींचे द्वंद्वगीतही एकाच कंठातून निघते. अखेरीस आइसलँडचा एक शहाणा माणूस या सगळ्या खटाटोपाकडे दुरून पाहतो.

आपल्या रंगभूमीच्या भाषेत बोलायचे तर येथे सूत्रधार, नायक आणि सेना एकाच देहात आहेत. आख्यान लावणाऱ्या कीर्तनकाराशी येथे केलेली तुलना ‘पिएरो’पेक्षा अधिक न्याय्य ठरेल, कारण कथन आणि पात्ररूप यांची अदलाबदल हाच दोन्हींचा प्राण आहे. मात्र कीर्तनकाराला साथीला टाळ-मृदंग किंवा पेटी असते. ‘सागा’तील गायिकेला आपले स्वरस्थान दहा मिनिटे स्वतःच सांभाळावे लागते. गद्य सागेतील तटस्थ, मोजके निवेदन आणि ग्रँड ऑपेराचा फुगीर भव्यपणा या दोन परस्परविरोधी वाङ्मयप्रकारांची टक्कर घडवून आणणारी ही कृती म्हणजे विडंबनाचा एक उत्तम नमुना आहे. पण ती केवळ विडंबनावर थांबत नाही. हसू ओसरते तेव्हा माणसे मेलेली असतात.

याच काळात अन्यत्र असे प्रयोग चालू होते. अमेरिकेत बेथनी बिअर्ड्सली यांच्यासाठी मिल्टन बॅबिट यांनी ‘फिलोमेल’ (१९६४) लिहिली. ओव्हिडच्या कथेतील जीभ छाटलेल्या स्त्रीचा आवाज तीत प्रत्यक्ष कंठ, ध्वनिमुद्रित कंठ आणि संश्लेषित ध्वनी यांत विभागलेला आहे. इटलीत कॅथी बर्बेरियन (१९२५–१९८३) यांनी हसणे, खोकणे, पुटपुटणे हे सारे गायनाच्या कक्षेत आणले आणि १९६६ मध्ये ‘नव्या कंठवृत्ती’चा जाहीरनामाच लिहिला. बर्बेरियन यांचे व्यक्तिमत्त्व इतके प्रभावी होते की त्यांच्यासाठी लिहिलेल्या कृतींत दुसऱ्या गायिकेला स्वतःची जागा सहज सापडत नाही. मॅनिंग यांची दिशा येथे वेगळी पडते. आपल्यासाठी लिहिलेले आपल्याबरोबर संपू नये, ही त्यांच्या कामामागची खरी चिंता दिसते.

ही चिंता निराधार नव्हती. नव्या कंठसंगीताचा एक ठरलेला दुर्दैवी क्रम असतो. महोत्सवाकडून मागणी येते, रचना होते, प्रथम प्रयोगाला वाहवा मिळते आणि दुसरा प्रयोग होतच नाही. प्रकाशकाच्या कपाटात स्वरलिपी राहते, पण ती कशी गावी याचे ज्ञान पहिल्या गायिकेपाशीच राहते. हिंदुस्थानी संगीतात बंदिशीचा आराखडा लिहिलेला नसला तरी तालमीतून गायकी पुढे जाते. युरोपीय अभिजात परंपरेत उलट, लिहिलेले पुढे जाते. समकालीन कंठसंगीत या दोहोंच्या मधल्या खाचेत पडते. ते लिहिलेले असते, पण लिहिलेले पुरेसे नसते. त्याला तालीम हवी असते, पण तालीम देणारे घराणे नसते. त्यातच ‘असले संगीत गायल्याने आवाज बिघडतो’ हा समज कंठशिक्षकांमध्ये दीर्घकाळ रूढ होता आणि विद्यार्थ्यांना त्यापासून दूर ठेवले जाई. मॅनिंग यांनी चार दशकांहून अधिक काळ हेच संगीत गाऊन या समजाला प्रत्यक्ष उत्तर दिले. त्यांचा आग्रह असा की नव्या संगीतासाठी वेगळे तंत्र लागत नाही. जुनेच तंत्र अधिक पक्के लागते.

अमेरिकेतील मिल्स कॉलेज, लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक, तसेच कील आणि किंग्स्टन या विद्यापीठांत त्यांनी विविध नात्यांनी अध्यापन व संशोधन केले. १९८८ मध्ये ‘जेन्स मिन्स्ट्रेल्स’ हा वाद्यवृंद स्थापन केला. १९९० मध्ये त्यांना ओबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. पण अध्यापनाचे खरे फलित त्यांच्या ग्रंथमालेत आहे. ‘न्यू व्होकल रेपर्टरी’चा पहिला भाग १९८६ मध्ये, दुसरा १९९८ मध्ये आला, ‘व्होकल रेपर्ट्वार फॉर द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी’ हे दोन खंड २०२० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. त्यांपैकी एक खंड २००० पूर्वीच्या आणि दुसरा त्यानंतरच्या रचनांना वाहिलेला आहे.

या ग्रंथांची रचना वरवर सूचिवजा वाटते. एकेका गीतावर छोटेखानी निबंध आहेत. तांत्रिक काठिण्य आणि सांगीतिक काठिण्य अशा दोन स्वतंत्र कसोट्यांवर प्रत्येकाची श्रेणी ठरवलेली आहे. हे द्विभाजन दिसते त्याहून अधिक अर्थपूर्ण आहे. स्वर वाचायला अवघड पण कंठाला सोपे असे गीत नवशिक्याला देता येते. उलट, दिसायला भोळे पण श्वासाची कसोटी पाहणारे गीत देता येत नाही. अनुवादाच्या अभ्यासात भाषिक काठिण्य आणि सांस्कृतिक काठिण्य यांची अशी फोड करण्याची गरज अनेकांनी बोलून दाखवली आहे; येथे ती कामचलाऊ पण उपयुक्त स्वरूपात केलेली आढळते. निबंधांचा भर कवितेच्या आशयावर कमी आणि तिच्या उच्चारणावर अधिक आहे. उणिवाही आहेत. इंग्रजी संहितांचा भरणा मोठा आहे, आणि बहुधा कंठ व पियानो किंवा एकटा कंठ एवढ्यापुरतीच निवड मर्यादित आहे. त्यामुळे मॅनिंग यांनी स्वतः गाजवलेल्या वाद्यवृंदीय कृतींबद्दल या खंडांत फारसे हाती लागत नाही. पण ही मर्यादा व्यवहारातून आलेली आहे. विद्यार्थिनीजवळ एक पियानोवादक असतो, तीन बास क्लॅरिनेट नसतात.

या ग्रंथांत मॅनिंग स्वतःच्या सादरीकरणाला प्रमाण मानत नाहीत, हेही लक्षणीय आहे. त्यांच्या ध्वनिमुद्रणांचे अनुकरण करणे सोपे होते. १९७७ च्या ‘पिएरो’मधील काही वळणे नंतरच्या गायिकांकडे तशीच्या तशी आलेली ऐकू येतातही. ग्रंथ मात्र एकेका जागी दोन-तीन शक्यता ठेवतात आणि कोणता धोका कोठे आहे एवढेच सांगतात. ‘सागा’ आज अनेक देशांतील सोप्रानो गातात. नॉर्वेजियन सैन्य कसे गावे, हे त्यांतील प्रत्येकीला नव्याने ठरवावे लागते. ३१ मार्च २०२१ रोजी मॅनिंग यांचे निधन झाले आणि त्यानंतर महिन्याभरात, ३० एप्रिल रोजी, अँथनी पेन यांचेही. अखेरचे दोन खंड जेमतेम एक वर्ष आधी विद्यार्थ्यांच्या हाती पडले होते. त्यांतील दुसऱ्या खंडातील बहुतेक गीतांना तोवर दुसरी, तिसरी गायिका मिळायची होती.